इंजिन चालू केलं की मीटर विझतात: देवबागच्या एका प्रवासी बोटीचं प्रकरण

देवबागची ही 28 फुटी फायबरची प्रवासी बोट. मागे दोन फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिनं, डेकखाली पेट्रोलची टाकी, सुकाणूच्या कन्सोलवर इंजिनाचे आणि पेट्रोलचे आकडे दाखवणारे दोन डिजिटल मीटर, एक चार्टप्लॉटर (समुद्राचा नकाशा दाखवणारा पडदा) आणि व्हीएचएफ म्हणजे बिनतारी सेट. डॉल्फिन दाखवायला आणि कर्ली नदीच्या मुखाशी असलेल्या वाळूच्या बेटावर पर्यटक न्यायला ती हंगामात रोज निघते. पावसाळाभर माडांखाली शाकारून ठेवलेली असते. हंगाम सुरू होऊन काही दिवस झाले आणि मालकांचा फोन आला: मीटर बिघडलेत, नवीन कुठले घ्यावेत ते सांगा.

नवीन घेण्याचा प्रश्न मी बाजूला ठेवायला सांगितला, कारण डावा मीटर त्यांनी आधीच एकदा बदलला होता. नवा कोरा मीटर बसवला आणि तोही जुन्यासारखाच वागू लागला. एवढ्या खर्चातून हाती लागलेली ही माहिती फार मोलाची होती. एकाच जागी दोन वेगळे मीटर अगदी एकसारखे बिघडत नाहीत, तेव्हा बिघाड मीटरच्या मागे कुठेतरी असणार. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारणही तेच. आपल्या किनाऱ्यावर डिजिटल मीटर दिसेनासा झाला की पहिला हात मीटरलाच लागतो, आणि बोटीवरची एक महागडी वस्तू विनाकारण बदलली जाते.

तक्रार काय होती

मालकांच्या सांगण्यात सगळं एकत्र झालं होतं: "कधी चालतात, कधी नाय." अशी तक्रार घेऊन काम सुरू करता येत नाही. म्हणून बोट चालवणाऱ्या तांडेलकाकांना शेजारी बसवलं आणि नेमकं काय होतं, कधी होतं, त्या वेळी दुसरं काय चालू असतं, हे विचारत गेलो. ते म्हणाले, "इंजिनाक किल्ली मारली रे मारली की दोनय मीटर विझतत. मगे परत येतत, पण कधी येतत, कधी नाय." म्हणजे किल्ली मारण्याशी संबंध होता. आणखी विचारल्यावर कळलं की व्हीएचएफवर बोलायला बटण दाबलं की मीटरचा उजेड मंद होतो. ही गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली नव्हती, कारण तिचा मीटरच्या बिघाडाशी काही संबंध असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

दुसरी तक्रार वेगळी होती. बोट बाहेर लाटांत गेली की डाव्या इंजिनाचे आकडे जाऊन तिथे रेघा येतात. आरपीएम नाही, तापमान नाही, काहीच नाही. इंजिन मात्र व्यवस्थित चालू असतं. कधी कधी क्षणभर दोन्ही इंजिनांचे आकडे जातात आणि उजव्याचे परत येतात.

तिसरी तक्रार पेट्रोलची. मीटर पेट्रोल "उलटसुलट" दाखवतो म्हणून काकांनी त्याच्याकडे बघणंच सोडलं होतं. किती कॅन ओतले, किती फेऱ्या झाल्या, असा तोंडी हिशेब ते ठेवत होते.

या तीन तक्रारी एकाच पडद्यावर दिसत होत्या, म्हणून सगळ्यांनी त्या एक धरल्या. प्रत्यक्षात ते तीन वेगवेगळे बिघाड होते आणि तिन्ही ठिकाणी मीटर निर्दोष होते.

हे मीटर काम कसं करतात

जुन्या काट्याच्या मीटरला प्रत्येकी एक वायर असे. तापमानाचा मीटर गेला तर तापमानच जाई, बाकीचे चालू राहत. आताच्या पद्धतीत इंजिनाचा संगणक, पेट्रोलच्या टाकीचा सेन्सर आणि चार्टप्लॉटर हे सगळे एकाच केबलवर बोलतात. मीटर ते ऐकतो आणि पडद्यावर लिहितो. तो स्वतः काहीच मोजत नाही.

या पद्धतीला एनएमईए 2000 म्हणतात. अमेरिकेतल्या नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशनने ती ठरवून दिली आहे. मुळातलं तंत्र मोटारगाड्यांचं: बॉश कंपनीने 1986 मध्ये जगासमोर आणलेलं कॅन (CAN), म्हणजे एकाच केबलवरून अनेक यंत्रांनी बोलायची पद्धत. बोटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक मुख्य केबल जाते आणि तिच्यावर जागोजाग इंग्रजी T आकाराचे टी कनेक्टर असतात. प्रत्येक टीमधून एकेका यंत्राला फाटा निघतो, आणि हा फाटा 6 मीटरहून लांब चालत नाही. केबलमध्ये पाच तारा असतात. लाल आणि काळी वीज पुरवतात, पांढरी आणि निळी माहिती नेतात, आणि एक उघडी तार आवरणाची. मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक टर्मिनेटर लागतो. तो नसेल तर घाटात हाक मारल्यावर प्रतिध्वनी येतो तसा संदेश टोकावर आपटून परत फिरतो आणि पुढच्या संदेशात मिसळतो.

केबलवरच्या यंत्रांना 9 ते 16 व्होल्टमध्ये चालता आलं पाहिजे, असं हा नियम सांगतो. त्यातला 9 हा आकडा या प्रकरणात कळीचा ठरला.

किल्ली मारताना काय होतं

सुरुवात विजेपासून केली. डेकखाली पेट्रोलची टाकी आहे, म्हणून आधी सगळी झाकणं उघडून वारा खेळू दिला. पेट्रोलची वाफ जड असते, तळाशी साचते आणि एका ठिणगीची वाट बघत असते. मीटर दुरुस्त करायच्या घाईत हे कोणीही टाळू नये.

बंद बोटीत बॅटरीवर 12.6 व्होल्ट मिळाले. मीटरच्या मागच्या प्लगवरही जवळपास तेवढेच. बरेचसे इलेक्ट्रिशियन इथेच "वीज ठीक आहे" म्हणून पुढे जातात. पण काही चालू नसताना घेतलेलं हे माप फसवं असतं. जोड कितीही कुजका असला तरी त्यातून करंट वाहत नसेल तर व्होल्ट पडत नाहीत. माप घ्यायचं ते भार असताना, आणि इथे तर नेमक्या त्या क्षणी, जेव्हा मीटर विझतो.

मल्टिमीटरला मिन-मॅक्सचं, म्हणजे सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा धरून ठेवणारं बटण असेल तर ते इथे कामाला येतं. साध्या मल्टिमीटरवर आकडा दिसेपर्यंत किल्लीचा क्षण निघून गेलेला असतो. काकांना किल्ली मारायला सांगितली. बॅटरीवर सर्वांत कमी आकडा आला 10.4 व्होल्ट. स्टार्टर फिरताना एवढं उतरणं चालतं, बॅटरी चांगली होती. मीटरच्या मागे मात्र 8.6. बॅटरीपासून कन्सोलपर्यंत येताना 1.8 व्होल्ट वाटेतच गेले आणि मीटर 9 च्या खाली आला. तो विझला नसता तरच नवल.

आता ते 1.8 व्होल्ट नेमके कुठे गेले, हे शोधायचं. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं मीटरच्या प्लसवर ठेवून, सगळी यंत्रं चालू असताना पाहिलं: 0.4 व्होल्ट. वायर, फ्यूज आणि स्विच मिळून तेवढं जातं. मग तसंच मायनसच्या बाजूने पाहिलं: 1.4 व्होल्ट. बॅटरीचा मायनस आणि मीटरचा मायनस यांच्यात शून्याच्या जवळपास काही यायला हवं होतं. बिघाड मायनसमध्ये होता.

मायनसकडे आपल्याकडे कोणी लक्ष देत नाही. गाड्यांचं वायरिंग करून हात बसलेला असतो आणि गाडीत पत्र्याची बॉडीच मायनस असते. फायबरच्या बोटीला तशी बॉडी नाही. प्रत्येक यंत्राचा मायनस वायरीनेच बॅटरीपर्यंत परत न्यावा लागतो, आणि त्या वायरीतला प्रत्येक जोड प्लसच्या जोडाइतकाच महत्त्वाचा असतो.

कन्सोलच्या पायाकडची फळी काढली. आत तीन मायनस वायरी एकत्र पिळून त्यावर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. टेप हाताला चिकट लागत होती, गोंद वितळून बाहेर आला होता. ती सोडवली तर आतून हिरवी पूड खाली पडली. तांब्याच्या बारीक तारा काळ्या पडलेल्या, बोटाने वाकवल्या तर तुटत होत्या. वायरीचं प्लास्टिक मागे सोलत गेलो, एक बोट, दोन बोटं, तरी काळेपण संपेना. खारं पाणी तारांच्या फटींतून वर चढत जातं, म्हणून जोड कुजला की फक्त जोड कापून भागत नाही. चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे जावं लागतं. या बोटीत तेवढी वायर उरलीच नसती. शिवाय ती साधी, घरगुती वायरिंगची 1 चौरस मिलिमीटरची वायर होती.

त्या जाडीचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. बॅटरी मागे, कन्सोल पुढे, अंतर 7 मीटर. जाऊन-येऊन 14. एवढ्या लांबीच्या 1 चौरस मिलिमीटर तांब्याचा रोध साधारण पाव ओहम होतो. मीटर आणि प्लॉटर मिळून 2 अँपिअर घेतात, म्हणजे जोड अगदी नवे असते तरी निव्वळ वायरीत अर्धा व्होल्ट गेला असता. व्हीएचएफचं बटण दाबलं की 25 वॉटवर बोलताना त्यात आणखी 5-6 अँपिअरची भर पडते आणि वायरीतच दीड-दोन व्होल्ट जातात. पडदा मंद व्हायचा तो यामुळे. नौकांवरच्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी व्होल्टेजची घट 3 टक्क्यांच्या आत ठेवावी असा प्रघात आहे. 12 व्होल्टवर ती होते 0.36.

दुरुस्ती अशी केली. बॅटरीपासून कन्सोलपर्यंत 4 चौरस मिलिमीटरची, कथिलाचा थर दिलेली वायर नवीन ओढली, दोन्ही बाजूंची. कन्सोलमध्ये उंचावर मायनसची बस बार (अनेक स्क्रू असलेली जोडपट्टी) बसवली आणि प्रत्येक यंत्राचा मायनस स्वतंत्र स्क्रूवर घेतला. टर्मिनल क्रिम्प करून त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवली. व्हीएचएफला वेगळी जोडी दिली, वेगळ्या फ्यूजसकट. पिळलेला जोड आणि टेप बोटीवर कुठेच ठेवली नाही. पुन्हा किल्ली मारली तेव्हा बॅटरीवर 10.4 आणि मीटरच्या मागे 10.1. मीटर चालूच राहिले.

मालकांना वाटलं काम संपलं. पण डाव्या इंजिनाच्या रेघा अजून बाकी होत्या.

रेघांचं मूळ

आकड्यांऐवजी रेघा येणं आणि मीटर विझणं यात मूलभूत फरक आहे. रेघा दिसतात म्हणजे मीटर जिवंत आहे, पण त्याला कोणी काही सांगत नाहीये. इंजिनाचा संगणक आरपीएमचा संदेश सेकंदाला दहा वेळा पाठवतो. काही काळ तो आला नाही की मीटर जुना आकडा दाखवत बसत नाही, रेघ ओढतो. ही त्याची फार चांगली सवय आहे. खोट्या आकड्यापेक्षा रेघ केव्हाही बरी.

दोन्ही मीटर एकाच जातीचे होते, म्हणून सगळ्यांत स्वस्त तपासणी आधी केली: डावा मीटर उजवीकडे, उजवा डावीकडे. डाव्या इंजिनाच्या रेघा जागच्या जागी राहिल्या. मीटरवरचा संशय इथेच पुसला गेला. सेटिंगमध्ये डावं इंजिन 0 आणि उजवं 1 अशी नोंद असावी लागते, तीही पाहिली. ती बरोबर होती.

मग बॅटरी सोडवून, कन्सोलजवळच्या मोकळ्या टीमध्ये पांढऱ्या आणि निळ्या तारेच्या पिनांमधला रोध मोजला. हे माप मला या सगळ्या पद्धतीतलं सर्वांत सुंदर वाटतं, कारण एका आकड्यात सगळी केबल बोलते. दोन्ही टोकांना 120 ओहम असतील तर मधून 60 दिसतात. 120 दिसले तर एक टर्मिनेटर गायब. 40 दिसले तर कोणीतरी तिसरा बसवलाय. शून्याजवळ दिसलं तर तारा एकमेकींना चिकटल्यात. इथे आले 118.

कन्सोलकडचा टर्मिनेटर हाताशी होता, तो ठीक होता. राहिला मागचा. मल्टिमीटर तसाच लावून ठेवला, काकांच्या मुलाला मागच्या कप्प्यात उतरवलं आणि शेवटचा टी हलवायला सांगितलं. त्याने हलवला की आकडा 60 वर यायचा, सोडला की 118. लाटांत बोट आपटली की हेच होत होतं. आतली जागा अशी होती की डाव्या इंजिनाचा फाटा आणि मागचा टर्मिनेटर दोन्ही त्याच शेवटच्या टीवर. म्हणून डाव्या इंजिनाचे आकडे नेहमी जायचे आणि उजव्याचे क्वचित: डावं त्या कुजक्या पिनांवरच टांगलेलं होतं, उजव्याला फक्त टर्मिनेटर नसल्याचा त्रास होत होता. केबल छोटी असली की एका टर्मिनेटरवरही ती बरीचशी चालते. बिघाड इतके दिवस "कधी चालतात, कधी नाय" असा राहिला तो त्यामुळे.

टी उघडला. टर्मिनेटरचा नट अर्धाच आवळलेला आणि आतली रबरी रिंग नव्हतीच. पाच पिनांपैकी पांढऱ्या आणि निळ्या तारेच्या पिनांवर हिरवा थर. पण सर्वांत वाईट अवस्था लाल तारेच्या पिनेची होती. ती झिजून सुईसारखी झाली होती, शेजारची काळ्या तारेची पिन मात्र जवळपास शाबूत. हा फरक नीट पाहण्यासारखा आहे. नुसत्या खाऱ्या हवेने पिना गंजल्या असत्या तर सगळ्या सारख्याच गंजल्या असत्या. प्लसची पिनच खाल्ली जाते याचा अर्थ पाणी आत असताना वीज चालू होती. खाऱ्या पाण्यातून करंट वाहतो तेव्हा प्लसकडचा धातू विरघळत जातो.

वीज चालू का होती, हे शोधायला फार वेळ लागला नाही. बिल्ज पंप (बोटीच्या तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप) रात्रीही आपोआप चालावा म्हणून त्याची वायर मेन स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून घेतलेली असते. ते योग्यच आहे. पण केबलची वीजही त्याच टर्मिनलवरून घेतलेली होती. बोट रात्री खाडीत नांगरलेली, मेन स्विच बंद, मीटर काळे, आणि केबलमध्ये मात्र रात्रभर 12 व्होल्ट. ओला टी आपली पिन रोज थोडी थोडी विरघळवत होता.

केबलची वीज मेन स्विचच्या पुढे घेतली, स्वतःच्या 3 अँपिअरच्या फ्यूजवर, आणि एकाच जागेवरून. टी आणि टर्मिनेटर नवीन टाकले. मीटरच्या तुलनेत त्यांची किंमत अगदीच किरकोळ आहे. जुना टी घासून परत बसवायचा मोह मालकांना झाला होता, तो मी मानला नाही. पिनेवरचा मुलामा एकदा गेला की कितीही साफ केली तरी ती पुन्हा गंजते. नवीन टी कप्प्याच्या तळाशी न ठेवता आडव्या फळीवर उंच बसवला, जोड बाजूला तोंड करून, आणि केबलला टीच्या आधी थोडा झोळ दिला, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, कनेक्टरपर्यंत पोचत नाही. रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला. मग पुन्हा माप: 60 ओहम. टी हलवला, आपटला, तरी 60.

पेट्रोलचा मीटर

तीनही बिघाडांत मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती या शेवटच्याची, आणि मालकांच्या यादीत तो सर्वांत खाली होता.

काकांना विचारलं, उलटसुलट म्हणजे कसं? ते म्हणाले, टाकी भरून निघालो तर मीटर पाव दाखवतो आणि दिवसभर फिरून आलो की भरलेली दाखवतो. हे ऐकल्यावर मल्टिमीटर लावायच्या आधीच अंदाज आला. पावसाळ्यात टाकीतला, पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटचा सेन्सर खराब झाला म्हणून बदलला होता. बाजारात हे सेन्सर मुख्यतः दोन जातींचे मिळतात. अमेरिकी पद्धतीचा सेन्सर रिकाम्या टाकीत 240 ओहम आणि भरलेल्या टाकीत 33 ओहम देतो. युरोपी पद्धतीचा रिकाम्या टाकीत 10 आणि भरलेल्या टाकीत 180. एकात रोध उतरत जातो, दुसऱ्यात चढत जातो. दिसायला दोन्ही सारखेच, भोकंही तीच.

सेन्सरची वायर सुटी करून मोजलं. टाकी जवळजवळ भरलेली होती आणि आकडा आला 170 च्या वर. युरोपी सेन्सर. तो आकडा केबलवर पाठवणारं अ‍ॅडॉप्टर मात्र 240-33 वर बेतलेलं. त्याच्या हिशेबी 180 ओहम म्हणजे जेमतेम पाऊण टाकी संपलेली, आणि 10 ओहम म्हणजे काठोकाठ भरलेली. काका सांगत होते ते अक्षरशः खरं होतं.

यातला धोका असा की हा मीटर बंद पडलेला दिसत नाही. रेघा नाहीत, अलार्म नाही, आकडा स्वच्छ आणि ठाम. काकांसारखा वर्षानुवर्षं समुद्रावर असलेला माणूस त्यावर विश्वास ठेवत नाही म्हणून निभावलं. त्यांच्या जागी एखादा नवा मुलगा बसला, संध्याकाळचा वारा सुटलाय, मालवणच्या किनाऱ्यालगतचे खडक जवळ आहेत, बोटीत पर्यटक बसलेले आहेत, आणि मीटर सांगतोय टाकी फुल. डावं-उजवं दोन्ही इंजिनं त्याच टाकीवर. पेट्रोल संपलं तर दोन्ही एकदम बंद पडणार. आकडे येत नाहीत म्हणून फोन करणारे खूप आहेत. आकडे चुकीचे येतात म्हणून फोन करणारे फार थोडे, आणि तिथेच खरी काळजी घ्यायला हवी.

अ‍ॅडॉप्टरच्या सेटिंगमध्ये सेन्सरची जात बदलली आणि दिशा सरळ झाली. पण तेवढ्याने काम पुरं होत नव्हतं. बोटीचा तळ व्ही आकाराचा असतो आणि टाकीही तळाला निमुळती केलेली असते. फ्लोट अर्ध्यावर आला म्हणजे निम्मं पेट्रोल उरलं असं नसतं. निम्म्याहून बरंच कमी असतं, कारण खालचा भाग अरुंद. कारखान्यातलं सेटिंग चौकोनी टाकी धरून चालतं. म्हणून टाकी जवळजवळ रिकामी केली आणि मोजून 20-20 लिटरचे कॅन ओतत, प्रत्येक कॅननंतर बोट स्थिर होऊ देऊन अ‍ॅडॉप्टरमध्ये नोंद करत गेलो. बोट पाण्यावर, नेहमीच्या ठेवणीत असतानाच हे करायचं. किनाऱ्यावर ती नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून उचललेली असते आणि सगळी मापं चुकतात. कंटाळवाणं काम आहे, अर्धा दिवस जातो, पण त्याला पर्याय नाही. कमी पेट्रोलचा अलार्म पाव टाकीवर लावला.

आणखी दोन बारीकसारीक गोष्टी

दुपारी उजवा मीटर काळा पडतो, अशी तक्रार काकांच्या मुलाने आदल्या दिवशी केली होती. तो पोलराइज्ड काचांचा गॉगल वापरतो. एलसीडी पडद्यातून येणारा उजेडही पोलराइज्डच असतो, आणि दोन्हींची दिशा आडवी-उभी जुळली की पडदा काळा दिसतो. मान तिरकी करून बघायला सांगितलं, आकडे दिसले. मीटर किंचित फिरवून बसवणं शक्य नव्हतं, गॉगल बदलणं शक्य होतं.

डाव्या बाजूचा "बिघडलेला" म्हणून काढून ठेवलेला पहिला मीटर मालकांच्या कपाटात होता. तो 12 व्होल्ट देऊन टेबलावर लावला आणि मग केबलवर जोडून बघितला. पूर्ण चालू. काचेच्या आत कोपऱ्यात थोडा दमटपणा होता, तो ऊन लागल्यावर गेला, आकड्यांवर त्याचा काही परिणाम नव्हता. आता तो जादा म्हणून ठेवला आहे.

काम संपल्यावर मागच्या कप्प्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तीन आकडे लिहून ठेवले: किल्ली मारताना बॅटरीवर 10.4, मीटरमागे 10.1, केबलचा रोध 60. पुढे कधी काही बिनसलं तर जो कोणी येईल त्याला सुरुवात कुठून करायची ते कळेल, आणि आकडे त्याच्याकडे वेगळे आले तर बिघाड कुठल्या बाजूला आहे हेही. उजव्या इंजिनाचा टी अजून जुनाच आहे. उघडून पाहिला तेव्हा पिना स्वच्छ होत्या आणि रिंग जागेवर होती, म्हणून हंगामात त्याला हात लावला नाही. बोट पुढच्या वेळी शाकारायला वर घेतील तेव्हा तोही उंचावर न्यायचा आहे, आणि बॅटरी सोडून घरी नेण्याआधी सगळे टी एकदा उघडून, गोड्या पाण्याने पुसून, कोरडे करून बंद करायचे आहेत.